पोट सोडून

सुलाबाईच्या घरात मारहाणीला एकच नियम होता: पोट सोडून. नियम तिनेच घातला होता आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. सून बबिताला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी तिने मुलाला, सिद्धोधनला, चुलीपुढे बसवून बजावलं, "हात उचलायचा तर उचल बाबा, तुमचं नवरा-बायकोचं तुमी बगा. पर पोटाला धक्का लागला तर माज्याइतकी वाईट कोणी न्हाई." सिद्धोधनने मुकाट मान हलवली. आईचा शब्द तो मोडत नसे. चुडावा स्टेशनच्या आसपासच्या चार गावांत जेसीबी चालवणारा सिद्धोधन आईला लय मानतो, असं त्याचं नाव होतं. कशाकशावरून माणसाचं नाव होतं, त्याचा काही नेम नाही.

आठव्या महिन्यात एके दिवशी त्याने बबिताला मोबाइलच्या चार्जरच्या वायरने मारलं. तिचा गुन्हा एवढाच की तिने गंगाखेडला भावाला, बुद्धभूषणला, फोन करून "दादा, मला न्यायला ये" असं सांगितलं होतं. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण बबिताची आई वारली होती आणि भावजय काही बोलावत नव्हती, म्हणून आठवा लागला तरी ती सासरीच होती. तिने भावाला फोन केला याचा अर्थ सिद्धोधनने असा काढला की आपली बायको आपली अब्रू वेशीवर टांगायला निघाली आहे.

"माज्या घरात काय कमी हाय तुला? बोल! काय कमी हाय?"

प्रत्येक प्रश्नाला एक फटका. बबिता भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात पोटाखाली धरून बसली. पाठ त्याला दिलेली. ते तिला आता सवयीने जमत होतं. वायर पाठीवर बसली, खांद्यावर बसली, एकदा मानेवर बसली आणि कातडी फुटून रक्त पोलक्यात उतरलं. सुलाबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचं सगळं लक्ष पोटाकडे होतं. वायर पोटाकडे वळली असती तर ती जळतं लाकूड घेऊन धावली असती, यात शंका नाही. वायर वळली नाही, म्हणून ती उठली नाही.

मारून दमल्यावर सिद्धोधन जेवायला बसला. सुलाबाईने त्याला वाढलं आणि मग सुनेसाठी भाकरी घेतली, मधोमध मोडली, अर्धी परडीत परत ठेवली आणि अर्धी तिच्या पुढ्यात सरकवली.

ही अर्धी भाकरी दुष्टाव्याची नव्हती, हे सांगायलाच हवं, नाहीतर सुलाबाईवर अन्याय होईल. बाईला भीती होती. तिची थोरली बहीण तानुबाई बाळंतपणात अडून बैलगाडीत मेली होती. आईने तिला तूप, तीळ, खोबरं चारून चारून गुबगुबीत केलं होतं. मेलेलं लेकरू बाहेर काढलं तेव्हा ते दोन महिन्यांच्या पोराएवढं दिसत होतं. "खाऊ घालून लेकरू फुगवलं तुमी," असं सुईण म्हणाली, आणि ते वाक्य सुलाबाईच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. बाई कमी जेवली की लेकरू लहान राहतं, लहान लेकरू सुखाने बाहेर येतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या हेच सांगायच्या. म्हणून पाचव्या महिन्यापासून अर्धी भाकरी, वाटीभर वरण आणि दिवसभर काम. काम केलं की बाळ खाली सरकतं, असंही होतं.

त्याच आठवड्यात सुलाबाईची मुलगी धम्मशीला सुट्टीला आली. ती परभणीच्या एका कॉलेजात तासिकेवर प्राणिशास्त्र शिकवायची आणि जोडीला संशोधन करायची. कॉलेज उन्हाळ्यात बंद, प्रयोगशाळेतली वीज बंद, म्हणून तिने आपले मासे बरण्यांत घालून गावी आणले. मासे म्हणजे काय, तर डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याचे लोक हौदात सोडतात ते गप्पी मासे, बोटाच्या दोन पेरांएवढे. पडवीत फळीवर बरण्यांची रांग लागली. धम्मशीला बरणी काठोकाठ भरायची, झाकण गच्च लावायची, मग थोड्या वेळाने यंत्राची कांडी आत बुडवून काहीबाही टिपायची. सुलाबाईला हा सगळा रिकामटेकडा उद्योग वाटला, पण पाहिल्यावाचून राहवेना.

"ह्या कामून येगळ्या ठिवल्यास?" तिने विचारलं.

"पोटुशी हायेत त्या, माय. शेपटीकडं काळा डाग दिसायलाय का? तितं पिल्लं हायेत. हे मासे अंडी घालत न्हाईत, जित्ती पिल्लं देतात."

"मग मोजतीस काय?"

"पाण्यातली हवा किती खाती ते. बिनपोटाची खाती त्याच्यापरीस ही लय जास्त खाती. दिस भरत आले की आणखीनच. नुस्ती निवांत पडून ऱ्हायली तरी. तिला काम काहीच न्हाई, तरी ती रात्रंदिवस कामावर हाय, असं समज."

सुलाबाई वाकून बघत राहिली. दोन बरण्यांत दोन सारख्याच लांबीच्या मासोळ्या होत्या. बिनपोटाची आरामात तरंगत होती. पोटुशीचे कल्ले मात्र धाप लागल्यासारखे उघडमिट करत होते, आणि ती वर येऊन झाकणाला तोंड लावायला बघत होती. धम्मशीलाने पटकन झाकण उघडलं. "जास्त येळ ठिवलं तर मरती. पयली हीच मरती," ती म्हणाली.

"अन् ही कशानं वाळली?"

शेवटच्या बरणीतल्या मासोळीचं पोट टुमटुमीत होतं, पण पाठ चाकूच्या पात्यासारखी धारेवर आली होती.

"हिला अर्धंच खायला घालायलेय मी," धम्मशीला म्हणाली. "पिल्लांना लागतं ते पिल्लं घेतातच, माय. भायेरून आलं न्हाई तर तिच्या अंगातून जातं. पोट हाय तेवढंच दिसतं. बाकीची मासोळी सरत जाती. अन् अशीला पळता येत न्हाई. ओढ्यात मरळासारखा मोठा मासा आला की हीच पयली सापडती."

त्याच वेळी बबिता हंडा घेऊन पडवीतून गेली आणि तिचा पदर खांद्यावरून सरकला होता. खांद्याचं हाड वर आलेलं, त्यावर वायरचा काळानिळा वळ. धम्मशीलाने उठून तिच्या हातातला हंडा घेतला, पोलक्याची बाही वर केली, मानेची खपली बघितली, आणि आईकडे वळली.

"माय, वैनीला जेवायला काय घालायलीस तू?"

"लागतं तेवढं घालायलेय."

"अर्धी भाकरी, ताई," बबिता म्हणाली. तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं, म्हणून सांगितलं.

"माशाचं माणसाला लावू नको!" सुलाबाई ओरडली. "तू कवा बाळंत झालीस गं? तानुबाईचं काय झालं, ते मी माज्या डोळ्यानं बगितलंय. मला शिकवू नको!"

"तानुमावशी गाडीत मेली, माय. दवाखान्यात न्हाई, गाडीत मेली."

आवाज ऐकून आत झोपलेला सिद्धोधन बाहेर आला. धम्मशीला त्याला घाबरत नव्हती, आणि तीच तिची चूक झाली. तिने तोंडावर सांगितलं की मी आत्ता वैनीला घेऊन दवाखान्यात जाणार, आणि तू आडवा आलास तर पोलिसांत जाणार. सिद्धोधन सरळ फळीकडे गेला. त्याने फळीवरची पहिली बरणी उचलली आणि तिच्या पायाशी आपटली. मग दुसरी. मग हाताने अख्खी फळीच ओढून पाडली. काचा पडवीभर उडाल्या, पाण्यात मासे तडफडू लागले आणि त्याने चपलेने ते एकेक करून चिरडले. पोटुशी मासोळी चिरडली की बारीक काळ्या डोळ्यांची पिल्लं फरशीवर यायची. धम्मशीलाने त्याची कॉलर धरली, तर त्याने तिच्या कानशिलात अशी लगावली की ती काचांत पडली आणि तळहात मनगटापर्यंत फाटला.

"शिकवून ठिवली तुला, त्याचे हे पांग फेडायलीस व्हय?" तो म्हणाला.

धम्मशीलाने ओढणी हाताला गुंडाळली. बबिता म्हणाली, "तुमी जावा, ताई. मला घेऊन निघालात तर दोघीलाबी मारंल." ते खरं होतं. धम्मशीला उंबऱ्यातूनच म्हणाली, "मी उद्या बुद्धभूषणदादाला घेऊन येते. संगं पोलिसबी आणते." आणि रक्त गळत्या हाताने स्टेशनकडे गेली. सुलाबाई तिच्यामागे दोन पावलं गेली, मग मुलाकडे बघून थांबली.

काचा सुलाबाईनेच झाडल्या. झाडता झाडता पाचसहा मासोळ्या अजून हलताना दिसल्या. पोरीचं नुकसान थोडं तरी कमी व्हावं म्हणून तिने लोणच्याची लहान बरणी धुतली आणि मासोळ्या ओंजळीने तीत टाकल्या. त्यांत ती पाठ वाळलेली पोटुशीही होती. हे तिने प्रेमानेच केलं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पेटलं की अंगणात पाय ठेववेना. नाश्ता करून सिद्धोधनने बबिताचा दंड धरला आणि तिला अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीकडे नेलं. खोलीत खताच्या गोण्या, कडबा आणि मोडका पंप होता. खिडकी नव्हती. बबिताने दाराची चौकट धरून ठेवली. त्याने तिची बोटं एकेक करून उचकटली, करंगळी उलटी पिरगाळली. ती किंचाळली तेव्हा तिला आत ढकललं, कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"तिचा भाऊ येऊन बोंबलून वापस जाऊ दे, मग काढतो भायेर," तो आईला म्हणाला. "तवर दार उघडायचं न्हाई. हात लावला न्हाई मी तिला. बगितलंस ना तू? पोटाला तर न्हाईच न्हाई."

सुलाबाईने बघितलं होतं. नियम मोडला नव्हता.

तो पारावर पत्ते कुटायला गेला. आतून बबिता दार वाजवत होती. "आत्याबाई, पाणी तरी द्या. आत्याबाई!" सुलाबाई तांब्या घेऊन गेली, पण दाराखाली फटसुद्धा नव्हती. "थोडा दम धर," ती म्हणाली. "त्याचा राग उतरला की काढंल तो. आमीबी सोसलं, माय. असं वरडून पोटाला ताण देऊ नको." आणि ती खरोखर समजूत घातल्याच्या समाधानाने पडवीत येऊन बसली. तिचा नवरा दत्तराव रेल्वेत होता, त्यानेही तिला असंच एकदा कोंडलं होतं. ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

पडवीच्या कोपऱ्यात मांजर लोणच्याच्या बरणीत पंजा घालत होतं. सुलाबाईने त्याला हाकललं. माशांना ऐसपैस व्हावं म्हणून बरणी काठोकाठ भरली आणि मांजराचा बंदोबस्त म्हणून झाकण गच्च पिळून बसवलं. मग पदर तोंडावर घेऊन आडवी झाली. पत्र्याच्या दारावर थाप पडत होती, थांबत होती, पुन्हा पडत होती. त्यातच तिचा डोळा लागला.

जाग आली ती घामाने. ऊन पडवीत शिरून बरणीवर आलं होतं. सुलाबाईने बरणी सावलीला घ्यावी म्हणून उचलली आणि आत बघितलं. बाकीच्या मासोळ्या धापा टाकत का होईना, फिरत होत्या. पाठ वाळलेली पोटुशी झाकणाला तोंड लावून उभी होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं, झाकण होतं तिथेच होतं. मग ती आडवी झाली आणि गुपचूप तळाला गेली. ओरडली नाही, आपटली नाही. फक्त थांबली.

आणि तेव्हा सुलाबाईला ऐकू आलं की पत्र्याचं दारही थांबलंय.

"पयली हीच मरती," हे मुलीचे शब्द तिच्या कानात शिरले. आयुष्यात बाई कधी एवढी घाबरली नव्हती. बरणी हातातून सुटली. ती अनवाणी अंगणातून धावली, कुलूप दगडाने ठेचून बघितलं, हाका मारल्या. आतून काही नाही. पत्र्याला हात लावला तर तव्याचा चटका बसला. मग तिने गोठ्यातली कुऱ्हाड आणली. पहिला घाव पत्र्यावर गेला, दुसरा चौकटीवर, तिसरा तिच्याच पायाच्या अंगठ्याला चाटून गेला. कडी मोडली तेव्हा तिच्या अंगठ्यातून रक्त वाहत होतं आणि ते तिला नंतर दुसऱ्यांनी सांगावं लागलं.

आतून भट्टीसारखी वाफ आली, खताचा दर्प आला. बबिता दाराशीच पडली होती. तिच्या नखांतून रक्त आलं होतं, ओठ पांढरे पडले होते, अंग कोरडं आणि चटका बसावा असं तापलेलं. सुलाबाईने एक हात तिच्या गुडघ्यांखाली घातला, एक पाठीखाली, आणि आठ महिन्यांची भरली बाई आपल्याला उचलणार नाही म्हणून सगळा जोर लावला.

ती एका झटक्यात उचलली गेली. सुलाबाईचा तोल जाता जाता राहिला. ओल्या सरपणाची मोळी जेवढी जड असते, तेवढीही ती जड नव्हती. हाताला पाठीचा कणा लागला, मणका न् मणका, आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही. मधे तेवढं पोट होतं, गोल, टणक, चांगलं भरलेलं. ते पोट सोडलं तर बाई उरलीच नव्हती. सगळ्या घराने मिळून एवढं पोट सांभाळलं होतं.

कुऱ्हाडीचा आवाज ऐकून सिद्धोधन पारावरून पळत आला. त्याच्यामागे बघे आले. सुलाबाईने बबिताला लिंबाखाली ठेवलं होतं आणि हंड्याने तिच्या अंगावर पाणी ओतत होती.

"दार कामून तोडलंस?" तो खेकसला. मग त्याने बायकोकडे बघितलं आणि त्याचा आवाज बदलला. "माय, मी पोटाला बोट लावलं न्हाई. तुज्या गळ्याची आण. पोटाला एक बोट न्हाई!"

हे ऐकून सुलाबाईच्या डोक्यात जे पेटलं, ते मुलावरही होतं आणि स्वतःवरही. पण स्वतःला कुऱ्हाड मारता येत नाही. तिने ती उलटी धरली आणि तिची बोथट बाजू त्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, सगळ्या ताकदीने घातली. हाड मोडल्याचा आवाज बघ्यांनीही ऐकला. सिद्धोधन गुडघ्यावर आला. तिने दुसरा घाव त्याच्या खांद्यात घातला. तो "माय! माय!" करत मातीत लोळू लागला, तरी ती तिसरा घाव उगारून उभी होती.

"पोट सोडून मारायलेय, लेका!" ती ओरडली. "पोट सोडून! बग, कसं लागतंय!"

शेजारच्या सुगतने मागून तिला कवळ घातली म्हणून तिसरा घाव बसला नाही. तसं झालं हे चांगलं झालं की वाईट, यावर गावात अजून दोन मतं आहेत. सुगतनेच आपली अ‍ॅपे रिक्षा काढली. सुलाबाई मागे बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन, आणि पूर्णेच्या दवाखान्यापर्यंत ओल्या पदराने तिला वारा घालत राहिली. मुलाकडे तिने वळून बघितलं नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं, अंगाला बर्फ लावला. बबिता शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली. धम्मशीला आणि बुद्धभूषण गावात जाऊन, तिथून कळून, धावत आले. एक पोलीस आला आणि नवऱ्याचा हात कोणी मोडला म्हणून विचारू लागला. सुलाबाई म्हणाली, "मी. लिवून घ्या. अन् हिला कोंडली त्येनं. तेबी लिवा. अन् उपाशी मी ठिवली, त्येच्यासाठी कागद असंल तर तेबी लिवा." पोलिसाने शेवटचं काही लिहिलं नाही.

नर्स बाहेर आली तशी सुलाबाईने "कशी हाय?" म्हणून विचारलं. नर्स म्हणाली, "घाबरू नका आजी, बाळ ठीक आहे. ठोके चांगले आहेत."

"लेकराचं विचारलं न्हाई मी," सुलाबाई म्हणाली. "लेकीचं विचारलं."

"जगेल," नर्स म्हणाली. "पण अंगात काहीच नाहीये हो तिच्या. खायला घाला आता."

दुसऱ्या दिवशी सुलाबाईने सुगतच्या बायकोकडून भाकऱ्या करून आणवल्या. बबिता उशाला टेकून बसली होती, मोडक्या करंगळीला पट्टी होती. सुलाबाईने भाकरी हातात घेतली, आणि हात आपोआप मधोमध वळला. भाकरीचे दोन तुकडे झाले. ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही तुकडे ताटलीत ठेवले, वर आणखी एक अख्खी भाकरी ठेवली आणि ताटली सुनेपुढे केली.

बबिताने ताटली घेतली. पण घास घेतला नाही. सुलाबाईच्या हातांकडे बघत ती हलक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, तुमी भायेर बसा. तुमच्यासमोर मला खाववत न्हाई."

सुलाबाई उठली. दाराबाहेरच्या बाकड्यावर, भिंतीला पाठ लावून बसली. आतून चावण्याचा आवाज येत होता, सावकाश, न थांबता. तेवढा ऐकत ती तिथे बसून राहिली.